दोघींनी गुंडाळायची कॉइल

माझ्या रागाबद्दल आमच्या घरात दोन मतं नाहीत. तो नाकावर असतो, फटकन येतो आणि समोरच्यानं चहाचा कप पुढं करेपर्यंत निघूनही जातो. मायचा राग तसला नव्हता. तिला राग आलाय हे कळायलाच अर्धा दिवस जायचा, आणि एकदा आला की तो हलायचं नाव घ्यायचा नाही. ती भांडायची नाही, भांडी आपटायची नाही. भाकरी वेळेवर, डबा वेळेवर, शब्द मात्र एक नाही. एका वर्षी वडिलांनी तिची लाडकी शेळी तिला न विचारता पाहुण्यांना देऊन टाकली, तर तिनं अख्खी दिवाळी त्यांच्याशी न बोलता काढली. बिचारे करंज्या खायचे आणि माझ्याकडं बघायचे.

कारखान्यात टेस्टिंगला लागले तेव्हा मला या दोन रागांना नावं सापडली. माझा राग एसी, मायचा डीसी. मी हे एकदा जेवताना बोलून दाखवलं. माय म्हणाली, "बापाचा कंचा?" वडील सदा मेंढरांमागं, पिशोरच्या डोंगराकडं, आम्हाला फक्त सणाला दिसणारे. मी म्हटलं, त्यांच्याकडं लाईनच आलेली नाही. त्यावर माय ठसका लागेपर्यंत हसली होती.

एसी-डीसीचा हा फरक थोडा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमचा कारखाना म्हणजे चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. त्या वर्षांत तिथं ज्वारीच्या रानात एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या माणसांना पहिल्यांदाच भोंग्यावर उठायची सवय लागत होती. आमच्या शेडमध्ये कॉन्टॅक्टर बनायचे. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटार चालू-बंद करणारा दणकट स्विच. आत तांब्याचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांना टेकले की वीज वाहते आणि दूर झाले की थांबते, निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते दूर होताना वीज सहजासहजी ऐकत नाही. मधल्या हवेतूनच ती जाळ होऊन वाहत राहते. निळा-पांढरा, डोळ्यांत खुपणारा जाळ. त्याला आम्ही आर्क म्हणायचो, माय नुसतं 'जाळ' म्हणायची.

घरातली, गिरणीतली, विहिरीवरच्या मोटारीतली वीज एसी. ती पुढं-मागं हेलकावत असते आणि एका सेकंदात शंभर वेळा शून्याला येते. शून्याला आली की आर्कचा दम तुटतो. तेवढ्यात तांब्याचे तुकडे पुरेसे लांब गेलेले असले की संपलं, तो पुन्हा पेटत नाही. डीसी मात्र एकाच दिशेनं सलग वाहते. शून्य तिच्या वाटेत येतच नाही. तिचा आर्क एकदा लागला की आपण होऊन विझत नाही. कुणीतरी त्याला जागेवरून ढकलावं लागतं, ताणून लांब करावं लागतं, वर पत्र्याच्या पट्ट्यांची पेटी असते तिच्यात कोंबून त्याचे तुकडे करावे लागतात. तेव्हा कुठं तो थंड होतो.

आम्ही आधी सगळा एसीचा माल करायचो. मग मालकांना रेल्वेचं काम मिळालं, आणि ते होतं डीसीचं. मालक स्वतः इंजिनीअर. ते आम्हाला खडूनं फळ्यावर नकाशा काढून सांगायचे, मुंबईच्या बाजूला घाटात विजेच्या गाड्या डीसीवर चालतात, पुढच्या लाईनवर एसी आहे, म्हणून इगतपुरीला इंजिन बदलतात. आम्ही माना डोलवायचो. आमच्या स्टेशनात छोटी लाईन आणि धूर ओकणारं कोळशाचं इंजिन. विजेचं इंजिन शेडमधल्या एकाही बाईनं पाहिलेलं नव्हतं. मायनं विचारलं होतं, "त्या इंजनाला शिट्टी असती का?" मालकांनी असते म्हणून सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

डीसीचा आर्क ढकलायचं काम एका जाड तांब्याच्या पट्टीच्या कॉइलकडं असतं. स्विचमधून जाणारी वीजच तिच्यातून जाते, तिच्यामुळं चुंबक तयार होतं आणि ते आर्कला वर पेटीत फुंकून घालतं. मालक तिला ब्लो-आउट म्हणायचे. मायनं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'फुंकणी' ठेवलं, आणि आठवड्याभरात मालकही फुंकणी म्हणायला लागले.

ही फुंकणी गुंडाळायचं टेबल मायचं आणि मावशीचं. माय मधल्या साच्याचा दांडा फिरवायची आणि समोरच्या स्टुलावर बसून मावशी तांब्याची पट्टी त्यावर सोडायची, वरून, दोन्ही हातांनी घट्ट धरून. काम दोघींचंच होतं. पट्टी जाड, एका बाईच्या मनगटाला न जुमानणारी. एकीनं ढील दिली की दुसरीचा वेढा सैल पडायचा, आणि मग दोघींची जुंपायची. "जरा बघत जा गं," माय म्हणायची. "मी बघतेच हाय, बाई. तुमीच घाई करता. बस सुटायलीय का तुमची?" मावशी म्हणायची. असं दिवसभर चालायचं. मी माझ्या टेस्टिंगच्या कोपऱ्यातून ऐकायची आणि मनातल्या मनात हसायची.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आम्ही धनगर, ती बौद्ध. शहरातल्या एका वस्तीत मुलाकडं राहायची. हेही लिहायला हवं की पहिल्या वर्षी माय जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडं पाठ करून डबा उघडायची. कुणी शिकवलं म्हणून नव्हे, लहानपणापासून तसंच बघत आली होती म्हणून. मावशी काही बोलायची नाही. मग कधीतरी पाठ निम्मी वळली, आणि नंतर केव्हा दोघींचे डबे शेजारी आले ते मलाही सांगता येणार नाही. मी पाहिलं तेव्हा माय तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी खात होती आणि वर "मीठ कमी हाय" म्हणून नावंही ठेवत होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तो पावसाळा आला. शहरात मोर्चे, बंद, मग कर्फ्यू. आणि त्याहून वाईट बातम्या खेड्यांतून येऊ लागल्या. बौद्धांच्या वस्त्या जाळल्या, माणसं मारली, लोक लेकरंबाळं घेऊन शहराकडं निघाले. ज्या दिवशी या बातम्या शेडपर्यंत पोचल्या त्या दिवशी मावशीनं हातातली पट्टी टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "भाऊ गावात हाय माझा. बघून येते." माय म्हणाली, "जा. हितलं मी बघते." मावशी गेली, आणि मग आलीच नाही.

तिची वाट बघत असतानाच मामा आला. मायचा धाकटा भाऊ, पिशोरहून. आमची हर्सूलला भाड्याची खोली होती, तिथं तो ऐसपैस मांडी घालून बसला आणि नामांतरावर बोलायला लागला. जे तेव्हा चावडीवर बोललं जात होतं तेच सगळं. मग म्हणाला, "तू म्हनं त्यांच्यासंगं एका टेबलाला बसती?" माय तव्यावरची भाकरी उलटत होती. "बसते," ती म्हणाली. मामा आणखी काहीतरी बोलला. ते मी लिहीत नाही, मला अजून त्याची लाज वाटते. मायनं त्याला पोटभर जेवायला घातलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं. ते किती काळ चाललं हे मामाला विचारावं, त्याला चांगलं आठवतं.

मालकांना मात्र काळजी वेगळी होती. रेल्वेचे तपासणी साहेब येणार होते आणि फुंकणीच्या टेबलावर एकच बाई. त्यांनी मायला सांगितलं, "बाई, उद्यापासून तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी देतो."

"कुनी बसायचं नाय तिच्या जागेवर," माय म्हणाली.

"अहो, पण काम अडतंय."

"अडू देनार नाय. दोघींचं मी करते."

"दोन हातांनी चार हातांचं काम कसं होईल?"

"करून दावते मंग."

मला मायचं मन कळत होतं. आमच्यासारख्या शेडमध्ये कुणी कायम नसतं. एकदा त्या स्टुलावर दुसरं माणूस बसलं की मावशीची नोकरी गेली. गावाकडं तिचं काय झालंय देव जाणे, त्यात परत आल्यावर हेही नसावं, एवढंच मायला नको होतं. मालक माणूस भला. ते म्हणाले, "साहेब येऊन जाईपर्यंत बघू." आणि माय एकटीनं फुंकण्या गुंडाळू लागली. उजव्या हातानं दांडा, डाव्या हातानं पट्टी. मनगटं सुजली, रात्री ती त्यांना तेल चोळायची, पण रोजच्या फुंकण्या रोज जोडणीला जात होत्या. मला तिचा फार अभिमान वाटत होता.

माझा बेंच म्हणजे एका बाजूला बॅटऱ्यांची रांग आणि दुसऱ्या बाजूला मिठाच्या पाण्यानं भरलेली लोखंडी पिंपं. त्यांत पत्रे सोडले की विजेला ओझं मिळायचं. कॉन्टॅक्टर जोडायचा, काळी काच डोळ्यांपुढं धरायची, बटण सोडायचं. तांबं सुटलं की आर्क उभा राहतो, चटकन वर उडी मारतो, पेटीत शिरतो, 'फट्' असा आवाज येतो आणि अंधार. डोळ्याला दिसतं न दिसतं तोवर खेळ खलास. मला तो 'फट्' आवाज ऐकायला फार आवडायचं.

मायनं एकटीनं गुंडाळलेला माल जोडून माझ्याकडं आला त्या दिवशी पहिल्या कॉन्टॅक्टरला 'फट्' आलंच नाही. आर्क वर जायच्या ऐवजी खाली वळला. तांबं धरणाऱ्या खालच्या लोखंडी हातापाशी जाऊन बसला आणि तिथंच सूं सूं करत जळत राहिला. मी मेन स्विच ओढला तोवर तांब्याचा टोकाचा भाग वितळून थेंब पडला होता. मी दुसरा लावला. तोही खालीच. तिसरा बरा निघाला, चौथा पुन्हा खाली. मालक धावत आले. त्यांनी प्लस-मायनसच्या वायरी उलट्या जोडून बघायला सांगितलं. त्यानं काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. वीज उलटी केली तर आर्कही उलटा आणि चुंबकही उलटं, ढकलणं मात्र त्याच बाजूला. हे त्यांनाच लगेच आठवलं आणि ते स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे फुंकणीच उलटी आहे."

फुंकण्या मायच्या होत्या. मला रडू येत होतं, पण मालकांसमोर येऊ दिलं नाही. मी म्हटलं, "मी बघून येते."

मी तिच्या टेबलापाशी जाऊन नुसती उभी राहिले. माय कामात होती, तिचं लक्ष नव्हतं. उजवा हात दांड्यावर. डावा हात पट्टी धरून खाली, मांडीजवळ. पट्टी वरून नव्हे, खालून साच्यावर चढत होती आणि दांडा उलटा, स्वतःकडं फिरत होता. नजर कुठं तरी दूर. मला एकदम कळलं की मी हे लहानपणापासून बघत आलेय. आम्हीही मेंढरांमागं असायचो तेव्हा माय तासन्‌तास चरख्यावर लोकर कातायची. उजव्या हातानं चाक, डाव्या हातात लोकर, सगळं असंच. तिच्या मांडीशी झोपलेली मी तो हात वर-खाली होताना बघत बघत झोपी जायची. समोर मावशी असली की पट्टी वरून येणार, मायला फक्त दांडा फिरवायचा. समोरची जागा मोकळी झाली, दोन्ही कामं तिच्या दोन हातांत आली, आणि हात आपल्या जुन्या वाटेला लागले. मन जागेवर असलं की फुंकणी सुलटी व्हायची, मन मावशीकडं गेलं की उलटी. आणि मन त्या दिवसांत बहुतेक वेळ तिकडंच असायचं.

एसीच्या मालात हे कुणाला कळलंही नसतं. तिथं आर्कला ढकलायची गरजच नव्हती.

मी तिला सांगितलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग हाताकडं. "माझा हात चुकला व्हय?" ती म्हणाली. तिनं पट्टी वरून धरली आणि मालकांसमोर गुंडाळायला घेतलं. दोन वेढे बरे पडले. तिसऱ्याला हात सावकाश खाली उतरायला लागला. तिनं दात-ओठ खाऊन तो वर ओढला. पुन्हा उतरला. शेवटी तिनं डाव्या हाताला उजव्या हातानं एक चापट मारली आणि म्हणाली, "ह्यो मुडदा माझं ऐकंना की." मालकांना हसू आलं, मलाही आलं, आणि मग माय पण हसली, पण तिचे डोळे भरलेले होते.

"बाई, उद्या माणूस देतो," मालक मऊ आवाजात म्हणाले.

"पोरगी धरंल पट्टी," माय म्हणाली. "साहेब येऊन जाईस्तोर."

मालकांनी मान हलवली. मी माझं टेस्टिंग उरकून तिच्या समोर जायची. पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसायला गेले, तर ती ओरडली, "बसू नको तिथं."

"अगं, मी काय तिची नोकरी खाणार आहे का?"

"उभ्यानं धर."

"पाय दुखतात माझे."

"दुखू दे. तरणी हाईस."

अशा रीतीनं मी त्या सगळ्या फुंकण्या उभ्यानं धरल्या. स्टूल माझ्या गुडघ्याला टोचत राहायचं आणि मी मनातल्या मनात मायला शिव्या द्यायची. साहेब आले. त्यांनी शेडचे दरवाजे लावून घेतले, दिवे घालवले आणि काळोखात एकेक आर्क बघितला. सगळे वर गेले. माल पास झाला. मालकांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी मायला सांगितलं की आता मोठं काम मिळालंय, तुमची मुलगी मला तिच्या बेंचवर दिवसभर लागेल, सोमवारपासून तुमच्या समोर नवीन माणूस बसेल. त्यांचंही खरं होतं. त्यांनी शब्द पाळला होता, आम्हाला बोलायला जागा नव्हती.

घरी आल्यावर माय गप्प. मालकांवर राग नव्हता तिचा. कुणावर होता ते तिलाही सांगता आलं नसतं. ती भाकरी थापत होती आणि मी तिच्याकडं बघत होते, आणि बघता बघता माझं डोकं फिरलं.

"नुसती जागा अडवून बसलीस," मी म्हटलं. "एकदा जाऊन विचारलंस का तिला?"

"यायचं तर ती यील."

"ती जिवंत आहे का, कुठं आहे, काही माहीत आहे का तुला?"

"वस्ती ठावं हाय."

"आणि घर?"

मायचा थापणारा हात थांबला. "नाय," ती म्हणाली.

इतकी वर्षं एका टेबलाला, समोरासमोर. मावशीच्या सुनेला कितवा महिना, मावशीचा कोणता गुडघा धरतो, तिला कोणत्या डाळीनं पित्त होतं, हे सगळं मायला माहीत होतं. घर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मग मी कशाच्या जोरावर ओरडत होते कोण जाणे. माझा राग नेहमीसारखा तिथंच विझला. मायचं मात्र काही विझण्यासारखं नव्हतं. तिनं भाकरी तशीच परातीत सोडली आणि भिंतीकडं बघत बसली. मला वाटलं, आता हिचं तोंड कधी उघडेल देव जाणे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, चप्पल घातली आणि म्हणाली, "चल."

वस्तीत शिरल्यावर लोक आमच्याकडं बघायला लागले. तो काळच तसा होता, अनोळखी माणूस दिसलं की नजरा बदलायच्या. कपाळावरचं भलंमोठं कुंकू आणि खेड्याचं नेसणं घेऊन माय पुढं चालली होती, मी मागून. एका म्हातारीला तिनं विचारलं, तिनं दुसरीकडं बोट केलं. शेवटी एक खोली सापडली. बाहेर ओट्यावर बरीच माणसं बसलेली. एक पोक्त माणूस, त्याच्या हाताला फडकं बांधलेलं. लहान मुलं. दारात गाठोडी. आणि आत चुलीपाशी मावशी.

ती आम्हाला बघून उठली, पण पुढं आली नाही. "या," एवढंच म्हणाली. वाळली होती.

माय उंबऱ्याशीच उभी राहिली. "कवा आलीस गावाहून?"

"लई दिस झाले. भावाचं घर गेलं. सगळ्यांना घिऊन आले."

"मंग कामावर का नाय आलीस?"

मावशीनं चुलीत लाकूड सरकवलं. मायला ते गप्प राहणं सहन होईना, तिला दुसऱ्याचं गप्प राहणं कधीच सहन व्हायचं नाही. ती भराभर बोलायला लागली. "जागा राखलीय तुझी. कुनाला बसू दिलं नाय. पोरीला सुदीक नाय. मालकासंगं भांडले. उद्या नवा मानूस आनत्यात, म्हनून आले. चल तू."

मावशी ऐकत होती. मग ती शांतपणे म्हणाली, "जागा माझीच हाय, बाई. तुमी राखली म्हनून माझी झाली नाय."

मला वाटलं संपलं. मावशी पुढं म्हणाली, "मी रोज वाट बघायची. वाटायचं, कुनीतरी यील. कोन हाय, कोन गेलं, इचारंल. कारखान्यातनं कुनीबी नाय आलं. तुमी आज आलात, त्ये बी जागेसाठी."

मायचा चेहरा पडला. मी तिची मुलगी, मला तिचं पुढचं पाऊल माहीत होतं. आता ती मागं वळणार, एक शब्द न बोलता हर्सूलपर्यंत चालत जाणार, आणि हे जन्मभर चालू राहणार. मी तिचा पदर धरायच्या बेतात होते. पण ती वळली नाही. ती उंबरा ओलांडून आत गेली आणि चुलीपुढं, जमिनीवर, मावशीच्या पायांजवळ मटकन बसली.

"जागेसाठी नाय आले," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तुझ्यासाठी राखली म्हनत व्हते, त्ये खोटं. माझ्यासाठीच राखली. तू समोर नसलीस की माझं काईच सुदं व्हईना. सगळी उलटी गुंडाळली गं मी. सायबाचा माल जाळला. ह्यो हात हाय ना, माझं ऐकत नाय." तिनं डावा हात पुढं केला. "मला येत नाय तुझ्याबिगर. येत आसतं तर आले असते व्हय तोंड घिऊन?"

मावशीनं तो हात बघितला. मनगट अजून सुजलेलं होतं. ती खाली बसली आणि तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, फुंकणीची पट्टी धरायची तसा, घट्ट.

"मंग आसं म्हनायचं की आधी," ती म्हणाली, आणि रडायला लागली. गाव सोडल्यापासून ती रडली नव्हती, हे तिच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. माय पण रडली, मोठ्यानं, हुंदके देऊन, शेजारपाजारचे दारात येईपर्यंत. मी माझ्या मायला असं रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला ती त्या दिवशी जितकी आवडली तितकी कधीच आवडली नाही.

सोमवारी मालकांनी बोलावलेला माणूस वेळेवर आला. चांगला तगडा गडी, नवा शर्ट घालून. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. मावशी पट्टी सोडत होती, माय दांडा फिरवत होती, दोघींची वेढा सैल पडण्यावरून चांगली जुंपली होती, आणि दोघींनीही त्याच्याकडं मान वर करून बघितलं नाही.